अकरा भोकं

डॉक्टरांनी फोटो उजेडावर धरला,
म्हणाले, हे बघा.
मला आपलं ओल आलेल्या भिंतीसारखं काहीतरी दिसलं.
बाहेर आलो आणि सवयीनं खिसा चाचपला.

घरी प्रमिलानं काही विचारलं नाही.
कपाट उघडून माझे सदरे पलंगावर मांडले,
बाह्या पसरून, एकाशेजारी एक, मयतासारखे,
आणि भोकं मोजली.
अकरा.
बहुतेक पोटावर. एक थेट खिशाच्या काठाला.
बारावं तिच्या साडीला होतं.
ते तिनं मोजलं नाही.

दूध बाजाराच्या अलीकडे, भांड्यांच्या दुकानामागं
हनीफचाचा रफू करतात.
गठ्ठा पुढे टाकला.
त्यांनी एक सदरा उचलून
भोकातून माझ्याकडं बघितलं.
"करून देईन. उद्या पुन्हा जाळशील.
त्यापेक्षा बस."

बसलो.

सत्तावीस वर्षं सातपूरला लेथवर काढली,
केसाएवढा फरक बोटांना कळतो,
आणि सुईत दोरा जाईना.
थुंकी लावली, चष्मा पुसला, शिवी हासडली.
चाचा म्हणाले, दोरा सुईकडं नेऊ नकोस.
सुई दोऱ्यावर आण.

आधी जळक्या कडा कापायच्या.
मग आतल्या मुडपीतून, जिथं कुणाची नजर जात नाही,
त्याच कापडाचा धागा उसवून काढायचा.
उभे घालायचे, मग आडवे,
एकाखालून, एकावरून,
आणि उरलेला दोरा दातांत धरायचा.
दातांत दोरा असला
की ओठांत दुसरं काही मावत नाही.

आई सिन्नरला विड्या वळायची.
मांडीवर सूप, सुपात तंबाखू,
पानाला दोऱ्याचे दोन वेढे नि गाठ,
दिवसाला हजार.
दोऱ्यानं तिच्या तर्जनीवर चर पाडली होती.
शाळेतून आलो की तिचा हात ओढून
मी त्या चरीतून नख फिरवायचो,
ती म्हणायची, सोड रे, मोजणी चुकते.

परवा दिव्याखाली माझी तर्जनी बघितली.
अजून काही नाही. एक लालसर रेघ.

तेविसाव्या दिवशी दुसरी पाळी सुटली.
गेटबाहेर टपरी, काडी ओढल्याचा आवाज.
त्या रात्री पारा असा उतरला होता
की निफाडकडं बागाईतदारांनी
द्राक्षांत शेकोट्या पेटवल्या होत्या.
म्हटलं, वेलींना चालतं तर मला का नाही.
ओढली. अख्खी. वर अर्धी.

दुसऱ्या दिवशी चाचांना सांगितलं.
वाटलं, आता काहीतरी शहाणं बोलतील.
म्हणाले, "चहा सांग दोन.
आणि तो राखाडी घे, कॉलर उसवायचीय."

हल्ली जेवणाच्या सुट्टीत पोरं बाहेर जातात,
मी हातमोज्यांची फाटकी बोटं शिवत बसतो.
धोंगडे म्हणाला, आता बांगड्या भरा, मास्तर.
काल तोच बंद तुटलेली डब्याची पिशवी घेऊन आला,
काही न बोलता स्टुलावर ठेवून गेला.

नऊ भोकं झाली.
पहिली चार आंधळ्यालाही दिसतील,
तेच सदरे घालून कामावर जातो.
पाचवं कुठं होतं, मलाच सापडत नाही.
खिशाच्या काठाचं तसंच ठेवलंय.
हात तिथं जातो अजून,
बोट भोकात अडकतं.

काल रात्री प्रमिला झोपल्यावर
तिची जांभळी साडी काढली.
पदराला, वाटाण्याएवढं.
लग्नाला गेलो होतो कुणाच्या तरी, त्र्यंबक रोडला,
मी शेजारी बसून हसत होतो.
कडा कापल्या.
खोचायच्या टोकातून एक धागा ओढला, तुटला.
दुसरा ओढला.
मोबाईलच्या उजेडात जांभळा नि काळा एकच दिसतो.
श्वास रोखून बसलो,
छातीत बारीक शिट्टी वाजते ती ऐकू येऊ नये म्हणून.

अंधारातून आवाज आला,
"मोठा दिवा लावा की."