पाण्याखाली सतरा मिनिटं

माझ्या भाषेत हिचं नाव टाचणी.
जेलियनला हसू येतं. त्याच्या इबान बोलीत
काय म्हणतात, ते त्याला आठवत नाही.
गुडघाभर पाण्यात उभा राहून
तो पोटरीवरची जळू सोडवतो, तंबाखूचं पाणी लावून.

बोर्निओच्या पोटात, तेपुस ओढ्यावर
नावाड्यानं आम्हाला उतरवलं तेव्हा धुकं होतं.
माझ्याजवळ जाळी, वही, कागदी पाकिटं
आणि तीन शिक्क्यांचा परवाना.
त्याच्याजवळ कोयता, पानात बांधलेला भात
आणि एक फोन. इथे रेंज नाही,
तरी तासातासाला तो खिशातून काढून बघतो.

नर आधी आला, काळा.
फांद्यांतून ऊन पडलं तेवढ्यापुरतं
पंखांत हिरवं पेटलं.
ऊन सरकलं, विझलं.
मागून मादी, मातकट,
कुणी वळून बघू नये अशी.
तिनं बुडालेली एक मुळी निवडली
आणि उलट्या पावलांनी खाली उतरली,
आधी शेपूट, मग पंख,
मग डोळे.

बुडली, मी म्हटलं.
थांब, जेलियन म्हणाला.

अंगाला बिलगलेल्या हवेचा चंदेरी झगा
प्रवाहात थरथरत होता.
सालीत एकेक अंडं टोचत ती खाली खाली.
वर दगडावर नर.
दुसरा आला, त्याला हाकललं,
पुन्हा त्याच दगडावर.
पाण्यात बघत होता का, सांगता येत नाही.
एवढाले डोळे, सगळीकडेच बघणारे.

नवव्या मिनिटाला जेलियननं फोन पुढे केला.
सुबांग, त्याची बायको. पेनांगला, चिपच्या कारखान्यात.
डोक्यापासून पायापर्यंत पांढरा झगा,
तोंडावर पट्टी, नुसते डोळे.
“चार वर्षं झाली,” तो म्हणाला.
“काहीतरी बारीक जोडते. तुझ्या टाचणीच्या टोकाएवढं.”
मग फोन पुसून खिशात.

सतराव्या मिनिटाला पाण्याची कातडी आतून फुगली.
एकदा फाटली नाही.
दुसऱ्यांदाही नाही.
नर जागचा हलला नाही.
मग ती गवताच्या पात्यावर, ओली, चिकटलेली,
बराच वेळ नुसती धरून.

पाकीट मी उघडलं नाही.
वहीत लिहिलं: मादी, बुडी, सतरा मिनिटं.
जेलियन खांद्यावरून वाकला.
“त्याचं लिहिलंस?”
काय लिहू?
“की तो होता.”

त्याला रकाना नव्हता.
समासात लिहिलं.