खडू आणि रॉकेल

दारुखान्यात दुपारी साडेतीनला
इस्माईल दळवींच्या लेथवर ऊन येतं, तेव्हा
मी वही उघडते.
हिरव्या शाईत: सहाशे.
खाली दोन रेघा, शाळेत उत्तराखाली मारायचो तशा.

दळवी चष्मा कपाळावर ढकलतात.
"सहाशे घोडे. बरं. आणि बांधणार कुठे?"
मुलुंडला, सोसायटीत, अकरा नंबरच्या खांबाशी,
वर कुणाच्या तरी मोरीचा पाइप गळतो तिथे.
ते हसत नाहीत. फक्त लेथ बंद करतात.

फ्रीवेवर, रविवारी पहाटे, भक्ती पार्क मागे पडता पडता
तिसऱ्या सिलिंडरने दार ठोठावलं होतं.
आधी हळू, शेजारीण साखर मागायला येते तसं,
मग पोलिसांसारखं.
टोइंगवाल्याने घरी आणून सोडल्यावर
तेल गाळलं मी जुन्या ओढणीतून.
ओढणीवर तांबूस चमकी राहिली:
बेअरिंगचा चुरा.
दोनदा धुतली. गेली नाही.

तेव्हापासून वही भरते आहे.
घडीव पिस्टन, चार. त्यांना साजेसे रॉड.
हेडचे स्टड, तीन टप्प्यांत आवळायचे.
टर्बो माझ्या तळहाताएवढा नको,
दळवींच्या तळहाताएवढा.
इंजेक्टर, पंप, क्लच
(क्लच विसरले होते, समासात लिहिला)
आणि क्लचमागून गिअरबॉक्स, कारण एकीकडे जोर वाढवला
की पुढचं दुबळं लगेच आपलं नाव सांगतं.
दिवसा मी बॅलार्ड इस्टेटमध्ये बुडालेल्या मालाचे दावे तपासते,
भिजलेल्या कापसाचा भाव ठरवते पैशापर्यंत.
इथे मात्र बेरजेच्या रकान्यात
'बघू' लिहून ठेवलंय.

"रिंगच्या टोकांत फट किती धरलीस?"
चौदा थाऊ.
"चौदा कंपनीच्या गाडीला. तू तर दीड बार हवा कोंबणार.
अठरा धर. तापली की रिंग वाढते.
टोकाला टोक भिडलं की तिला जायला जागा नाही,
मग भिंत खरवडते, नाहीतर स्वतः तुटते."
अठरा, मी लिहिते.
शेजारी एका लाँचचं इंजिन उघडं पडलंय,
चाळीस घोड्यांचं. तीस वर्षं
भाऊच्या धक्क्यावरून मोऱ्याला माणसं, कोंबड्या, मोटारसायकली.
त्याच्यासाठी कुणी वही केली नसेल.

मग ते माझा ब्लॉक पुसायला घेतात.
सिलिंडरांच्या मधल्या पुलांवर ब्रशने रॉकेल.
अर्धा तास बोलत नाहीत.
चहा येतो, त्यालाही रॉकेलचाच वास.
फडक्याने कोरडं करतात, आणि
खडू, साधा, फळ्यावरचा, कानशीवर घासून
पीठ भुरभुरवतात वरून.
फुंकर. थांबतात.

दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मधे
लोखंडाने आपण होऊन एक रेघ काढली.
केसाएवढी. ओली. किंचित वाकडी,
पेन्शनच्या कागदावरच्या सहीसारखी.

"दिसली?"
दिसली.
"कधीची, ते सांगता येत नाही. तुझ्या सहाशेची नाही एवढं खरं.
मूळच्या अडीचशेतच पडली असेल.
विकणाऱ्याने सांगितली नसेल,
त्याला तरी कुठे माहीत."

स्लीव्ह?
"बसेल. पण मग साडेतीनशेच्या वर मागायचं नाही तिच्याकडे."
दुसरा ब्लॉक?
कुर्ल्याच्या एका माणसाचं नाव सांगतात,
जो फोन उचलत नाही.

वही माझ्या हातातून घेऊन
आकड्यावर बोट टेकवतात. खोडत नाहीत.
"आज काही लिहू नकोस," एवढंच.

टॅक्सीत बसल्यावर बघते:
दोन्ही शून्यं खडूखाली गेलीत,
सहा तेवढा हिरवा.
फुंकर मारावी की नाही, ठरत नाही.
ड्रायव्हर आरशातून विचारतो,
ताई, वरून घेऊ की खालून?
खालून, म्हणते मी.