अधिक पस्तीस

वडगावात आमच्या भिंतीला लागून इरव्वाचे चार माग.
सकाळी सातला बटण दाबलं की भिंत गुणगुणते,
मांडणीवरचे चमचे, कपाटाची काच,
माझ्या सिंथेसायझरची एक सैल पट्टीसुद्धा.
लहानपणी मला वाटायचं,
सगळ्यांच्याच भिंती अशा सुरात असतात.

इरव्वा कांड्या भरता भरता गाते.
भाग्याचं लग्न ठरलंय, रबकवीचं स्थळ.
सोबानेची पदं म्हणणाऱ्या बायका पांगल्या,
एक बेंगळूरला लेकाकडे, एकीचा घसा गेलेला.
गुरुवारी तिन्हीसांजेला दारात येऊन म्हणाली,
भर्मू, तुझ्या पेटीत माझं पद बसव की गा.
पेटी नव्हे मावशी, सिंथेसायझर.
तेच ते.

उपड्या बादलीवर बसून तिनं एक ओळ म्हटली.
मी षड्ज शोधू लागलो.
पांढरी पाच खाली राहते,
काळी चार वर जाते,
आणि मधे, जिथं ती सुखानं बसली होती,
तिथं कारखान्यानं पट्टीच ठेवलेली नाही.
मेनूत शिरलो.
चारशे चाळीस. चारशे त्रेचाळीस. सत्तेचाळीस.
चारशे एकोणपन्नासला तिचा आवाज, माझं बोट
आणि भिंत
एकदम एक झाले. अधिक पस्तीस.
भिंतीचं मला तेव्हा नवल वाटलं नाही.

दुसरं दुखणं अवघड.
गंधारावरून ती षड्जावर येते तेव्हा
पायऱ्या दिसत नाहीत,
उतारावर पायडल सोडलेली सायकल,
फक्त शेवटच्या हातभरात जरासा ब्रेक.
माझं यंत्र कचेरीतल्या शिक्क्यासारखं, टप्, टप्.
पोर्टामेंटो चालू केला. वेळ शंभर.
"हंगल्ल," इरव्वा हसली, "हे मांजर रडालंय."
वेळ दहा.
"आता शिंकलं."
साठ. पंचेचाळीस. अडतीस.
दोन भाषांत मिळून सतरा वेळा नाही म्हणाली,
आणि मग स्क्रीनकडे न बघता
माझ्या बोटांकडे बघत राहिली.
"तू आधीचं लौकर सोडतोस की रे."
कांडी संपत आली की नव्या धाग्याचं टोक
जुन्याला आधी लावायचं, पीळ द्यायचा,
मग कात्री.
ऊठ म्हणायच्या आधी बस म्हणायचं, असं काहीसं
कानडीत बोलली, मला अर्धंच कळलं.
पुस्तिकेत हेच छापलं होतं, पान त्रेचाळीस,
पहिली पट्टी दाबलेली असतानाच दुसरी दाबा.
सात वर्षं ते पान चिकटलेलं होतं.

गंधार धरून ठेवला. षड्ज दाबला. मग गंधार सोडला.
वेळ चौतीस.
इरव्वानं डोळे मिटले. "साकु."

आणि करंट गेला.
चारही माग एकदम थांबले नाहीत,
घरंगळत, खाली खाली उतरत गेले,
मला आकडा विचारला असता तर
एकशे सत्तावीस सांगितला असता.
गल्लीभर हेस्कॉमच्या नावानं बोंब.
अंधारात इरव्वा मात्र पुढची ओळ म्हणत होती,
कापूर, हळद, सासरच्या उंबऱ्याचं काहीतरी.
मी मोबाइलवर ट्यूनर उघडला.
काटा अधिक पस्तीसवर,
खिळा मारल्यासारखा.
"काय बघतोस?"
तुमचा सूर.
"त्यात काय बघायचं, भिंतीतनं येतोय की."
भिंत गप्प होती. मी हात लावून पाहिला.

चाळीस मिनिटांनी दिवे आले,
माग आले, चमचे आले.
स्क्रीनवर कंपनीचं नाव चमकलं,
खाली चारशे चाळीस,
पोर्टामेंटो बंद.
सेव्ह करायचं राहून गेलं होतं.

सांगितलं तिला.
ती उठली, बादली जरा भिंतीजवळ ओढली,
पदर खोचून पुन्हा बसली.
"इन्नोम्मे," म्हणाली.
मी मेनूत शिरलो.