गिट्टीखदान, मंगळवार

माझी पहिली पदवी दगडांची.
साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा
कुठवर आला, कुठे थंडावला,
सेमिनरी हिल्सच्या उतारावर बोट ठेवून सांगायचे.
नंतर चार वर्षं कोळशाच्या कंपनीत
ड्रिलचे नमुने पेट्यांत रचले, वर नंबर घातले,
आणि एकोणतिसाव्या वर्षी
एकवीस वर्षांच्या पोरांत जाऊन बसले,
एमएसडब्ल्यू, पहिलं वर्ष, मागचा बाक.

बाबा म्हणाले, दगड बरे होते,
उलटून बोलत नव्हते.
आई फीची पावती नुसती पाहत राहिली,
मग गॅसच्या पुस्तकात ठेवून दिली.

फील्डवर्क मंगळवारी आणि गुरुवारी.
खाण कधीच बंद झाली, वस्तीला नाव तेवढं राहिलं.
खड्ड्याच्या काठावर सायव्वा धोत्रे पाटे घडवते.
मी फॉर्म काढला.
घराचा प्रकार. कुटुंबप्रमुखाचं शिक्षण.
"तू काय शिकली, पोरी?"
"दगड," मी म्हटलं.
ती हसली, खोकली, पुन्हा हसली.
"मंग बस इथं. हा कसा हाय सांग."

सांगितलं. बेसॉल्ट, बारीक कणांचा, चांगला घट्ट.
"हाव. पण हा फुटते. आयक."
एक ठोका याच्यावर, एक शेजारच्यावर.
"हा बोलते. हा बुडते."
मला दोन्ही सारखेच वाटले.
तिनं बुडणारा पायानं लोटून दिला.

त्या आठवड्यात नोंदवहीची चार पानं भरली.
निमजे मॅडमनी समासात लाल पेननं लिहिलं:
चार पानांत बाई दोनदा बोलली.
उरलेलं कोण बोललं?

"मला तर नुसती टिकमार्क मिळते,"
तर्रीत पोहे कालवत अल्फिया म्हणाली,
"तुला निदान प्रश्न तरी मिळाला."

मग रेशन कार्ड.
अर्जावर नाव लिहिताना पेन थांबलं.
सायव्वा. खिडकीतला माणूस हसेल,
असं वाटून मी लिहिलं: सावित्री.
मदत म्हणूनच. सुंदर अक्षरात.

आधारवर एक, अर्जावर दुसरं.
सात आठवड्यांनी कागद परत आला.
तोवरचे गहू तिनं दुकानातून घेतले,
दुकानाच्या भावानं.
खिडकीतला माणूस हसलाच नव्हता.
हसले होते ती मी,
पेन थांबलं तेव्हा, आतल्या आत.

एप्रिलची दुपार. तोंडाला गुंडाळलेला दुपट्टा
सोडून मगच सांगितलं तिला.
टाकी थांबली नाही.
"माह्या आजीचं नाव हाय थे."
टक. टक.
"तुया कागदाले खोडरबर चालते नं?
इथं यक घाव चुकला तं पुरा पाटा जाते."
टक.
बऱ्याच वेळानं, माझ्याकडे न पाहता,
"म्या किती फेकले, तुले काय मालूम."

भुकटी तिच्या भुवयांवर, पदरावर, चहाच्या कपात.
ती छातीत कुठल्या थरावर जाऊन बसते
याचा नकाशा पहिल्या पदवीत नव्हता.
दुसरीत आहे का, अजून कळलेलं नाही.
मेडिकलची चिठ्ठी तेवढी करून घेतली आहे,
जायला ती तयार नाही.
गेलं की दिवस बुडतो, म्हणते.

गुरुवारी पुन्हा झोन ऑफिस.
नवा अर्ज, व ला व जोडलेला,
तिच्यासमोर मोठ्यानं वाचून दाखवलेला.
नोंदवहीत या वेळी पाऊण पान.

निघताना तिनं दोन दगडांवर ठोका दिला,
भुवया उचलून पाहिलं.
"डावा बोलतो," मी म्हटलं.
"उजवा," ती म्हणाली.
आणि तेवढ्यात आपली बस आली.