डाव्या पायात सहा

शेवटच्या आट्याला तोंड बाजूला घे,
सादुर्नी म्हणतो, टोपण दात पाडतं.
त्याचे स्वतःचे दोन नाहीत,
पण ते या गाडीने पाडलेले नव्हेत.

आत येताना त्याने दारात पाय पुसले होते,
दोनदा. इथे, जिथे डुकरं असायची,
जिथे आजही जमीन काळी, ज्वालामुखीची,
आणि पुसायला पायपुसणंसुद्धा नाही.
ओलोतमध्ये हे फोर्क उघडणारा
दुसरा कोणी उरला नाही, म्हणून मी बोलावलं.
तो आला. का आला, ते मी विचारलं नाही.

बुल्टाको ओंडक्यावर चढवलेली, पुढचं चाक काढलेलं,
चष्मा काढलेल्या माणसासारखी
ओळखीची, आणि जराशी परकी.
टाकीवरचा तो वर केलेला अंगठा
अजून म्हणतोय, सगळं ठीक आहे.
बाबांना जाऊन नऊ वर्षं झाली.
माझ्या गुडघ्यात लोखंड बसवलंय, मी काही चालवत नाही.
भाचा म्हणतो, आत्या, चालती करून दे.

डावा पाय परातीवर उलटा धरला.
आधी तेल. तेल कसलं,
राखाडी रबडी, सडक्या मासळीच्या वासाची.
मग स्प्रिंग घसरली, आणि तिच्या डोक्यावरचं
टण.
टण. टण.
सहा वेळा.

फडक्याने पुसलं. पंचवीस पेसेटांची नाणी,
प्रत्येकावर हुकूमशहाचं तेच गुबगुबीत तोंड,
स्प्रिंगखाली नव्हे, स्प्रिंगवर बसवलेलं,
तरी सगळे दणके त्यानेच खाल्लेले.
मी हसले. बाबांचं वजन, आणि बाबांचा चिक्कूपणा:
वॉशर विकत कोण घेणार!

सादुर्नी हसला नाही.
झाडूचा दांडा चाकूने तासत होता,
कारण तळाचा स्क्रू फिरवला की आतली नळीही फिरते,
दोघांची मिलीभगत, सुटत कुणीच नाही.
दांडा आत घालून त्याने पोटाचा भार दिला.
मग खाली मान घालूनच म्हणाला,
उजव्या पायात पाच असतील.

तुला काय माहीत?

दोनशे पंच्याहत्तर, तो म्हणाला.
साधी वजाबाकी आहे, रेमेई.
फिरव पाना.

पाना माझ्या हातात तसाच राहिला.
आईचा बिस्किटांचा डबा. चुआहत्तरचा मार्च.
पै-पैचा हिशेब ठेवणारी ती वही,
आणि अंगणात उभा एक चौदा वर्षांचा पोरगा,
डुकरांना उरलंसुरलं घालायला येणारा,
रिकामी बादली दोन्ही हातांनी धरून.
आईने आळ घेतला. शेजाऱ्यांनी मान डोलावली.
बाबा त्या दिवशी शर्यतीला गेले होते,
रात्री परतले, चिखलाने माखलेले, तिसरे आलेले,
म्हणाले, गाडीचं तोंड आता खाली बसत नाही.
वाटाणे खाल्ले आणि झोपले.
पुढे चाळीस वर्षं त्यांनी ब्र काढला नाही.

मी त्या वेळी खिडकीत होते. मीही मान डोलावली होती.

उजव्यातून पाच पडली.

नंतर आम्ही कामच केलं.
जुनं सील चमच्याने उचकटलं,
नवं सील पाइपाच्या तुकड्याने ठोकत बसवलं,
क्रोमवर गंजाने पाडलेली छिद्रं
माझ्या लाल नेलपॉलिशने बुजवली,
वाळल्यावर पाण्यातल्या कागदाने घासली,
बोट फिरवलं, कुठे अडत नाही ना.
भाचा हडकुळा आहे, नाण्यांची गरज नाही,
त्याच्यासाठी प्लॅस्टिकच्या नळीचे दोन तुकडे कापले.
औषधाच्या पिचकारीने नवं तेल भरताना
मी बोलायला तोंड उघडलं
आणि तो म्हणाला,
एकशे नव्वद. त्याहून जास्त नको, सील फाटतं.

संध्याकाळी चाक लावलं.
हँडलवर दोघांनी मिळून भार दिला.
खाली गेलं,
क्षणभर खालीच राहिलं,
मग सावकाश, कुरकुर न करता
वर आलं.

नाणी परातीतच आहेत.
त्याने घेतली नाहीत.
मी उचलून ठेवू तरी कुठे?