पाकळी

वेंगुर्ल्याच्या काजू कारखान्यात मी हिशेब लिहिते.
समोरच्या टेबलावर बायका गर निवडतात:
एकशेऐंशी, दोनशेचाळीस, तीनशेवीस,
मग पाकळी, मग तुकडा, मग कणी.
नंबर म्हणजे एका पौंडात किती गर बसतात तो आकडा.
जितका लहान, तितका महाग.
ग्राफिक्स कार्डांचं नेमकं उलटं आहे,
हे समजायला मला एक रविवार लागला.

एकेचाळीस हजार.
दोन वर्षांची भिशी, एक बोनस,
आणि एक न घेतलेली स्कूटी.

ग्रेडिंगच्या चिठ्ठीच्या पाठीवर लिहीत गेले.
प्रोसेसर सहा कोरचा, आठ हजार चारशे.
आठ कोरवाल्याकडे नुसतं बघितलं,
सुरमईकडे बघून
आपण बांगड्याचा वाटा उचलतो तसं.
बोर्ड सहा हजार सातशे.
रॅम सोळा, पण एकच पट्टी नको, आठ-आठच्या दोन,
दोघी मिळून गोण उचलतात तशा.
नवं कार्ड एकोणीस हजार.
बेरीज सत्तेचाळीस हजार तीनशे.

पुन्हा केली. खालून वर केली.
हिशेब लिहिणाऱ्या बाईला चूक सापडत नाही
तेव्हाच खरं वाईट वाटतं.

कापायचं तर पॉवर सप्लाय.
चार हजार सहाशेच्या जागी एकोणीसशेचाही मिळतो,
वजनाला हलका, रंगाने काळाच.
बाबा बंदरावर ट्रॉलरची इंजिनं उघडतात.
चिठ्ठी त्यांनी डिझेलच्या अंगठ्याने धरली
(ठसा अजून आहे, रॅमवर).
"ह्या काय?"
वीज देणारा डबा, म्हटलं.
"मगे थंय कापू नको.
सांजचो आमचो बल्ब बघतंस मा, कसो डोळे मिचकायता?"
आणि जाता जाता, साबण शोधत:
"इंजिन मोठा घातलंस, तर होडयेक सोसाक व्हया मा?"
एवढंच सांगायला लोक
अर्ध्या तासाचा व्हिडिओ करतात.

कुडाळला हेरंब सामंत जहाजावर निघाला होता.
बॅग भरलेली, कार्ड टेबलावर, चौदा हजार.
मी विचारलं, मायनिंगला वापरलेलं नाही ना?
बाबा मध्येच: "रेडयेच्या खाणीर?"
हेरंब हसला, मीही हसले,
आणि कार्ड उलटं केलं तर
पंख्याच्या पात्यांवर खरोखरच तांबडी धूळ,
जांभ्याची, अंगणातून आलेली.
बाबांनी फुंकर मारली. पातं फिरलं.
कान जवळ नेला, डोळे मिटले,
भर समुद्रात बंद पडलेल्या इंजिनाचं ऐकतात तसं.
"बेरिंग बरा आसा."
साडेबारा हजारांना तुटलं.

उरले दोनशे.
एसटीत माझं तिकीट अर्धं, बाबांचं पूर्ण.
स्टँडवर एक चहा, दोघांत.
कार्ड मांडीवर, टॉवेलात.
मला टेबलावरची पाकळी आठवत होती.
दोन भाग झालेला गर, म्हणून भाव कमी.
उसळीत पडल्यावर
त्याला नंबर कोण विचारतो?

कॅबिनेटच्या जाळीवर आईने
जुन्या वॉयलचा तुकडा शिवून दिला.
वारा आत, खार बाहेर.
खार आत जाणारच, हे आम्हा तिघांना माहीत होतं.
आमच्या खिडकीचे गज बघा.

मॉनिटर पैशांत बसला नाही. टीव्हीला जोडलं.
पडद्यावर एक बंदर उघडलं,
पाण्याची सेटिंग मध्यम,
कारण त्याच्या वर नेली की होडी अडखळते.
बाबा जेवायचे थांबले.
ताटातला भात सुकेपर्यंत त्या धक्क्याकडे बघत राहिले,
खांबांकडे, शेवाळाच्या रेषेकडे.
मग म्हणाले,
"पाणी बरा केल्यानी.
पण मघापासून बघतंय,
हेका ओहटी लागणा नाय."