झालाच तर

जिंतूर डेपोत ‘ड्यूटी’ हा शब्द
कर्तव्य या अर्थी कुणी वापरत नाही.
ड्यूटी म्हणजे येलदरीची मुक्कामी,
ड्यूटी म्हणजे परभणीच्या चार फेऱ्या
आणि जेवणाला बावीस मिनिटं.
ती लागते, बदलते, अंगावर येते,
एकाची दुसऱ्याच्या गळ्यात पडते.

मला दोन्ही अर्थ एका चौकटीत बसवायचे होते,
पार्सल खिडकीमागच्या खोलीत,
जुन्या टायरांच्या वासात, उसन्या पंख्याखाली.
पुस्तकातून तीन खुणा घेऊन आले होते:
पाहिजे. नये. चालेल.
वाटलं, एवढ्यात मावेल डेपो.

पहिलं वाक्य दिलं: गाडी वेळेवर सोडावी.
यंत्रानं लगेच निष्कर्ष काढला:
म्हणजे गाडी सोडावी किंवा पेटवून द्यावी.
नियमानं चूक नाही.
कुठं थांबायचं, हे ‘किंवा’ला कुणी शिकवलेलं नसतं.
ड्यूटी मास्तर मुंजाजी कदम, एकोणतीस वर्षं नोकरी,
चष्मा कपाळावर ढकलून म्हणाले,
“ताई, पोरगं हुशार हाय,
पण याला एकट्याला डेपोत ठिवू नका.”

त्यांचं रजिस्टर मी चार दिवस वाचलं.
निळी शाई म्हणजे पाहिजे.
तांबडी म्हणजे नये:
रात्री अकरानंतर आलेल्याला पहाटेची देऊ नये.
शिसपेन्सिल म्हणजे चालेल,
आणि खोडून पुन्हा लिहिलेली पेन्सिल म्हणजे
बोलणं झालंय त्याच्याशी, घेईल सांभाळून.
या शेवटच्यासाठी माझ्याकडे खूण नव्हती.

मग चार ओळींवर अडले.
गाडीला उशीर होऊ नये.
उशीर झाला तर फाट्यावरच्या दुकानात फोन करावा.
झाला नाही तर करू नये, लोक उगाच घाबरतात.
आणि चौथी, जी नियम नव्हती, बातमी होती:
महेबूब शेखची गाडी चारठाण्याला पंक्चर.

यंत्र म्हणालं, फोन करावा.
यंत्रच म्हणालं, करू नये,
कारण नीटनेटक्या जगात उशीर नसतोच.
आणि दोन्ही खरं धरल्यावर
त्याला काहीही सिद्ध करता येऊ लागलं:
महेबूबला उद्या पहाटेची द्यावी,
आसराबाई कंडक्टरना एकाच वेळी दोन गाड्यांवर पाठवावं,
मुंजाजी कदमांनी कायमचं घरी जावं.

मास्तर वाकून वाचत होते.
“तुम्ही ‘झाला तर’ लिव्हलंय.
‘झालाच तर’ लिव्हा.”

मी हसले. मग हसू मधेच थांबलं.
त्या एका ‘च’मध्ये
‘होऊ नये’ तसंच ताठ उभं होतं
आणि त्याच्या शेजारी, हात काळे करून,
झालेलं उभं होतं.
कुणी कुणाला खोटं पाडत नव्हतं.
पुस्तकात चांगलं जग एकच होतं.
यांच्याकडे उतरंड होती:
हे नाही तर हे,
हेही नाही तर निदान हे.

पाया पुन्हा उकरला. नऊ दिवस गेले.
प्रत्येक ‘नये’च्या पोटात एक कप्पा केला,
नाव ठेवलं ‘निदान’.

चाचणीच्या दिवशी आसराबाई तिकिटाची पेटी
मांडीवर घेऊन बसल्या होत्या.
“फोन केला की उशीर माफ का?”
नाही. तांबडी ओळ राहते.
“मग फोन कशाला?”

मी पडद्याकडे बघत राहिले.
रजिस्टर मिटता मिटता मास्तर बोलले,
“फाट्यावरली माणसं घरी जाऊन
अजून एक कप च्या पिऊन येतेत.”